डावं वळण, चिंच, डोकं खाली

दत्तूनानांना कधी भेटलात, तर "नाना, बरं आहे का?" असं विचारू नका. ते त्याला प्रश्न धरतच नाहीत. तुमच्याकडं थोडा वेळ नुसतं बघत राहतील आणि मग म्हणतील, "आरं, नीट कायतरी इचार की." नीट म्हणजे काय, तर कार रेसच्या गाडीला हॉर्न असतो का? ड्रायव्हरला मधेच लघवीला लागली तर तो काय करतो? बर्फावरच्या घसरगाडीला ब्रेक का नसतो? आणि तिच्यावर जो माणूस डोकं पुढं करून पालथा झोपतो, त्याला घरचे लोक काही बोलत नाहीत का? असलं काही विचारलंत, की नाना टोपी सारखी करतात, मांडी बदलतात आणि खूश होऊन म्हणतात, "हां. प्रश्न चांगला हाय."

आमचं गाव औंधच्या अलीकडं, मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. ऊस, आलं, बटाटा. घरटी एक माणूस फौजेत, आणि बैलगाडीच्या शर्यतीचं याड सगळ्या गावाला. मी मूळचा सांगलीचा. इथं चौकात मेडिकलचं दुकान टाकलं, तेव्हापासून गावानं मला 'डाक्टर' करून टाकलंय. मी डॉक्टर नाही हे सुरुवातीला सांगून बघितलं, मग नाद सोडला. दुकानापुढं पेशंटना टेकायला म्हणून मी एक बाकडं ठेवलं. त्यावर आजवर पेशंट कधी बसल्याचं मला आठवत नाही. तिथं संध्याकाळी नाना बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही "इचारा" म्हणतात.

नाना फौजेत ड्रायव्हर होते. काश्मीरच्या वरच्या अंगाला त्यांनी बर्फातनं ट्रक चालवले. तिथल्या कुठल्याशा मेसमध्ये टीव्हीवर त्यांनी पहिल्यांदा कार रेस बघितली, आणि त्याच टीव्हीवर बर्फाच्या पन्हाळीतनं सुसाट घसरत जाणारी माणसं. नाना सांगतात, "म्या म्हटलं, आमी हितं बर्फात गाडी घसरू नये म्हणून देवाचा धावा करतोय, आन ही बेनी मुद्दाम घसरत्यात!" तेव्हा जे डोक्यात बसलं ते निवृत्तीनंतर उलट वाढलं. आता मोबाइल आहे, त्यात हवं ते दिसतं. नाना अवेळी उठून कुठल्या कुठल्या देशातल्या शर्यती बघतात.

या सगळ्याचा अर्थ आम्हाला ते त्यांच्याच भाषेत समजावतात. घसरगाड्या तीन जातीच्या. माणूस पाठीवर झोपून, पाय पुढं करून जातो ती 'उताणी'. पोटावर झोपून, डोकं पुढं करून जातो ती 'पालथी'. आणि दोघं किंवा चौघं आत बसून जातात तो 'डबा'. त्यांची खरी इंग्रजी नावं मी एकदा मोबाइलवर शोधून नानांना वाचून दाखवली. नाना म्हणाले, "असंनात का नावं. कळायला पाहिजे ना गड्या."

समोरच्या सलूनचा बबन हे नानांचं कायमचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून तो खुशाल रस्ता ओलांडून प्रश्न विचारायला येतो.

"नाना, ती गाडी शर्यतीच्या आधी अशी वाकडीतिकडी का चालवत्यात? मला वाटलं पिऊन आल्यात."

"टायर तापवाय. गार टायर धरत न्हाई, गरम झालं की डांबराला चिकटतंय."

"आन टायरला नक्षी का न्हाई?"

"नक्षी पावसासाठी रं. कोरड्यात जेवढं रबर भुईला लागंल तेवढं चांगलं."

हे ऐकल्यावर बबननं आपल्या मोटारसायकलचे झिजून गुळगुळीत झालेले टायर बदलायचा विचार सोडून दिला. रहिमतपूरच्या चौकात पोलिसानं त्याला धरलं, तेव्हा त्यानं पोलिसाला नानांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. पोलिसानं पावती फाडली.

नानांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. जिंकणारे ड्रायव्हर शेवटी बाटली हलवून एकमेकांवर काय उडवतात, असं मी एकदा विचारलं. "सोडा," नाना ठामपणे म्हणाले. "लय दमल्याली असत्यात. पित्त होतंय." नाना स्वतः कधी दारूला शिवले नाहीत, त्यामुळं इतक्या हुशार माणसांनी भर दुपारी ती प्यावी हे त्यांना पटणारच नव्हतं. मी दोनदा खुलासा केला. दोन्ही वेळा त्यांनी मला औषधाच्या धंद्यातलं तुम्हाला जास्त कळतं, यातलं नाही, असं सांगून गप्प केलं.

एकदा तर नानांनी प्रात्यक्षिकच दाखवलं. दिवाळी झाली होती आणि माळावरचं गवत वाळून घसरडं झालं होतं. 'पालथी' कशी चालते हे बबनच्या काही केल्या ध्यानात येईना, तेव्हा नानांनी गोठ्यावरचा एक जुना पत्रा काढला, त्याचं पुढचं टोक वर वळवलं आणि माळाच्या माथ्यावर जाऊन पोटावर झोपले. खांदा दाबला की गाडी वळते, असं सांगता सांगताच ते निघाले. खांदा त्यांनी दाबला असणार, पण पत्र्याला ते कळलं नाही. नाना थेट खालच्या उकिरड्यात गेले. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि आतनं आवाज आला, "बघितलं का? ब्रेक नसतोय."

तेवढ्यात सुंदराकाकी तिथं आल्या. काकी म्हणजे नानांची बायको. त्यांनी उकिरड्याकडं बघितलं, नानांच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "झालं का? चला, जेवाय वाढलंय."

अख्ख्या गावात नानांना एकही प्रश्न न विचारलेलं माणूस म्हणजे काकी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रेस काय आणि घसरगाडी काय, काकींनी कधी 'हे काय' म्हणूनसुद्धा विचारलं नाही. "तेवढं याड सोडलं तर माणूस लाखाचा हाय," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या. नानांना ते लागायचं. "साऱ्या गावाला पडत्यात प्रश्न," ते माझ्यापाशी कुरकुरायचे, "हिलाच कसा पडत न्हाई म्हनतो मी?"

काकींचा नेम एकच होता. दर पौर्णिमेला औंधच्या डोंगरावर यमाईला जायचं, तेही नानांच्या मोटारसायकलवर मागं बसून. जीप नको, कार नको. बंद गाडीत त्यांना मळमळतं. पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून त्या बसायच्या आणि वाटेनं सगळ्या शिवाराची हजेरी घ्यायच्या. कुणाचा ऊस तुटला, कुणाची विहीर आटली, कुठल्या बाभळीवर सुगरणीनं घरटी बांधली. नाना पुढं बसून निराळंच बोलत असायचे. फौजेत धुक्यातनं ट्रक नेताना शेजारचा को-ड्रायव्हर ओरडून रस्ता सांगायचा, "उस्ताद, बाएं मोड! उस्ताद, पत्थर!" ती सवय नानांच्या तोंडात तशीच राहिली होती. वळण आलं की ते स्वतःलाच "डावं" म्हणून सांगायचे. अशी ही दोघं, एकमेकांचं काहीही न ऐकता, गप्पा मारत यमाईला जाऊन यायची.

मग काकींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही, उरलीय ती सांभाळायची. तेव्हापासून डोळ्यांत घालायचे थेंब नाना माझ्याकडनं नेतात. पण उरलेलीही हळूहळू गेली. आता काकींना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

तरीही त्या यमाईला जात होत्या. पण एका पौर्णिमेला वाटेतल्या वस्तीपाशी लोकांनी रातोरात मुरूम आणि दगड टाकून गतिरोधक केला होता. आमच्याकडं ही पद्धतच आहे. एखादं कोंबडं जरी गाडीखाली आलं तरी दुसऱ्या दिवशी तिथं गतिरोधक उगवतो. नानांना तो शेवटच्या क्षणी दिसला. काकींना दिसायचा प्रश्नच नव्हता. गचका बसला आणि काकी बसल्या जागेवरनं घसरून रस्त्याच्या कडेला पडल्या. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण भीती बसली.

"मला पुढचं काय दिसत न्हाई," काकी म्हणाल्या. "गचका कवा बसंल, वळान कवा येईल, कायबी कळत न्हाई. जीव मुठीत धरून किती दिस बसू? आन तुमास्नी तरी ह्ये मागचं वझं कशाला? मी न्हाई आता यायची."

त्या दिवसापासून काकी गाडीवर बसेनात. पुढं पुढं उंबऱ्याबाहेरही पडेनात. शिवाराची हजेरी घेणारी बाई, ती सोप्यातल्या खांबाला टेकून दिवसभर नुसती बसून राहू लागली. माझी बायको भेटून आली आणि घरी येऊन रडली. नानांनी नाना तऱ्हेनं समजावलं, पण काकी ऐकेनात.

आणि मग नानाही बाकड्यावर येईनासे झाले. बबन गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक सोडून यायचा, रिकामं बाकडं बघून परत जायचा. त्याच सुमाराला गावात कुजबुज सुरू झाली, की नानांच्या डोक्यावर परिणाम झालाय. नाना मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गव्हाचं पोतं बांधतात, औंधच्या रस्त्याला लागतात आणि वाटभर त्या पोत्याशी मोठमोठ्यानं बोलतात. "डावं वळान आलं बरं का! आता गचका! संभाळ!" असं पोत्याला सांगताना त्यांना चार लोकांनी ऐकलं होतं. "नाना पोत्याला यमाई दाखवाय नेत्यात," बबन म्हणाला. हसण्यासारखंच होतं, आम्ही हसलोही.

थेंब न्यायला आले तेव्हा मी विचारलं. नानांनी बाकड्याकडं बघितलं, पण बसले नाहीत.

"टेस्ट चाललीया," ते म्हणाले. "डाक्टर, रॅलीच्या गाडीत दोघं असत्यात. एक चालवतो, दुसरा मान खाली घालून कागुद वाचतो. फुडं वळान हाय का चढ हाय, सगळं आधी सांगतो. म्हनून चालवनारा भ्येत न्हाई. म्या म्हटलं, ह्येच उलटं केलं तर? चालवनाऱ्यानंच मागच्याला सांगत ऱ्हायचं. गचका आधी कळला तर मानूस पडत न्हाई." थेंबांची बाटली खिशात टाकत ते म्हणाले, "पर पोतं काय बोलत न्हाई. बरूबर सांगतोय का न्हाई कळंना झालंय. तुमी बसता का?"

नाही म्हणायला माझ्यापाशी शंभर कारणं होती, पण त्यांचं तोंड बघून एकही निघेना. माझ्या डोळ्यांवर नानांनी आपला टॉवेल घट्ट बांधला आणि मला पोत्याच्या जागी बसवलं.

डोळे बांधून मोटारसायकलवर बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. एरवी ज्या रस्त्यानं मी डुलक्या घेत जातो, तोच रस्ता माझ्या जिवावर उठला. गाडी जरा कलली की मी नानांच्या कमरेला मिठी मारत होतो. समोरनं उसाची ट्रॉली आली आणि ती माझ्या अंगावरनंच गेली असं वाटलं. काकी पडल्यानंतर का बसत नव्हत्या, ते मला पहिल्या शंभर हातांतच समजलं आणि फार वाईट वाटलं.

"डावं तीन!" नाना ओरडले.

"तीन म्हणजे काय?" मी ओरडलो.

"एक म्हंजी आवळ वळान, सा म्हंजी सैल!" तोवर वळण होऊन गेलं होतं.

पण हळूहळू अंगाला कळू लागलं. नाना 'गचका' म्हणाले की मी बूड उचलत होतो, 'उजवं' म्हणाले की उजवीकडं कलत होतो. मिठी जरा सैल झाली. आणि मग नाना म्हणाले, "डावं वळान, चिंच, डोकं खाली!" मी झटकन मान खाली घातली.

या चिंचेची एक फांदी वळणावर रस्त्याला आडवी, इतकी खाली आली होती, की मोटारसायकलवाल्याला तिथं वाकूनच जावं लागायचं. अख्ख्या पंचक्रोशीला ती सवय होती. मान वर केल्यावर मला आठवलं, की रस्ता रुंद करायला ती चिंच मागंच तोडलीय.

मी टॉवेल काढला. "नाना, चिंच कुठं आहे आता?"

नानांनी गाडी कडेला घेतली. मागं वळणावर नुसतं खोड उरलं होतं.

"तिला म्हाईत न्हाई," नाना म्हणाले. "ती घरात बसल्यावर तोडली. डाक्टर, रजा संपली की म्या हितनंच यष्टीत बसायचो. ती ह्या चिंचंखाली उभी असायची. गाडी वळली तरी उभीच. आता तिला दिसत न्हाई ते न्हाई. उगं चिंचबी कशाला न्यायची तिच्याकडनं?" त्यांनी गाडीला किक मारली. "म्या सांगनार हाय, चिंच हाय म्हनून. तुमी बोलू नगा."

मी परत टॉवेल बांधला. खरं सांगतो, बांधायला बरा वाटला.

काकींना तयार करायला नानांना पुष्कळ दिवस लागले. शेवटी एकदा गावातल्या गावात, देवळापर्यंत फक्त, या बोलीवर त्या बसल्या. नानांनी सुरुवात केली, "उजवं चार! डावं दोन!" दोन वळणांतच काकी ओरडल्या, "थांबवा! थांबवा म्हनते ना!"

आणि खाली उतरून म्हणाल्या, "आवं, मी काय साळंत बसलीया? आकडं काय सांगताय? कुनाचं रान आलं, कुनाची हीर आली, ते सांगा. मंग मला कळंल मी कुठं हाय ते."

नाना गडबडले. कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण त्यांनी बघितली ती फक्त वळणं. कडेला बाभूळ आहे का बोर, विहीर कुणाची, रान कुणाचं, हे सगळं मागच्या सीटवरचं खातं होतं.

मग आमच्या गावानं एक नवल बघितलं. जन्मभर उत्तरं देणारे नाना प्रश्न विचारत फिरू लागले. औंधच्या रस्त्यावर ते दर थोड्या अंतरावर गाडी थांबवायचे आणि दिसेल त्याला धरायचे. "ह्ये रान कुनाचं रं? ही हीर नवी का जुनी? ह्ये झाड कशाचं?" लोकांना सोन्यासारखी संधी आली. ज्याला विचारावं तो आधी टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "नाना, प्रश्न चांगला हाय." नाना मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. बबननं तर त्यांना करंज आणि भेंडीच्या झाडातला फरक सांगायला अर्धा तास घेतला, आणि तोही चुकीचा सांगितला.

पौर्णिमा आली. मी दुकान बायकोवर टाकलं आणि माझी स्कूटर घेऊन त्यांच्या मागं निघालो. म्हटलं, काही झालं तर आपण जवळ असावं. खरं म्हणजे मला बघायचंच होतं.

काकी दारात आल्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात ओटीची पिशवी. सीटला हात लावला आणि मागं घेतला. "न्हाई व्हायचं माझ्यानं," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्याकडं वळल्या. नाना गाडी धरून तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं काकी तिथनंच म्हणाल्या, "गाडी सुरू न्हाई का केली अजून?"

गावाबाहेर पडल्यावर नानांचा आवाज मला मागं स्वच्छ ऐकू येत होता. "पाटलाची हीर आली. आता उजवं वळान, हळू. शिंद्याचं आल्याचं रान लागलं. डाव्या अंगाला बोर."

"बाभळ हाय ती," काकी म्हणाल्या. "वास येतोय की फुलांचा."

"बाभळ तर बाभळ. फुडं गचका, मोठा हाय, संभाळ!"

तोच तो वस्तीजवळचा गतिरोधक. काकींनी नानांचा खांदा घट्ट धरला, जरा उचलल्या, गाडी पलीकडं गेली आणि काकी परत नीट बसल्या. एवढंच झालं. पण मला स्कूटरवर एकट्यालाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग ते वळण आलं. "डावं वळान, चिंच, डोकं खाली!" नाना म्हणाले. दोघांनीही माना वाकवल्या. रिकाम्या रस्त्यावर, भर उन्हात, दोन पिकली डोकी एकदम खाली गेली आणि एकदम वर आली. समोरनं येणारा दूधवाला बघतच राहिला.

डोंगरावर दर्शन झालं. नाना गाडीपाशी गेले तेव्हा काकी पायरीवर टेकल्या. मी शेजारी होतो. वाऱ्याकडं तोंड करून त्या हळूच म्हणाल्या, "डाक्टर, चिंच तोडली व्हय?"

मी गाडीपाशी उभ्या नानांकडं बघितलं.

"सावली लागली न्हाई तितं," काकी म्हणाल्या. "ऊन सरळ तोंडावर आलं. पर त्यास्नी सांगू नगा. त्यांनी ठिवलीया माझ्यासाठी, तर ऱ्हाऊ द्या." आणि पदरानं डोळे पुसले.

नाना परत आले. आणलेली भाकरी आम्ही तिघं खायला बसलो. काकी मग एकदम म्हणाल्या, "आवं, एक इचारू का?"

नानांचा घास हातातच राहिला. "काय?"

"त्यो तुमचा डबा असतोय ना बर्फावरला, त्यात मागं एक बसतोय म्हनं. मान खाली घालून. त्याला काय दिसत न्हाई, त्यो गाडी वळवत न्हाई. मंग त्याला न्यायचाच कशाला?"

म्हणजे इतकी वर्षं ही बाई सगळं ऐकत होती. नानांनी घास खाली ठेवला. टोपी सारखी केली. मांडी बदलली. 'प्रश्न चांगला हाय' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते न म्हणताच पाण्याची बाटली उचलली. त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

"वजनासाठी," ते म्हणाले. "हलकी गाडी पळत न्हाई. मागं वजन असंल तरच येग येतोय. आन ऱ्हायला नेम. डबा उलटा झाला तरी चालतंय, पर जेवढी बसली तेवढी सगळी शेवटाला आत पाहिजेत. एकबी गळाला, की शर्यत बाद."

काकींनी ते ऐकून घेतलं. "म्हंजी मी वजन?" त्या म्हणाल्या.

"व्हय," नाना म्हणाले. "चांगलं हाय की वजन."

काकी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसल्या. किती दिवसांनी त्यांना असं हसताना बघितलं. नानांनी घाईघाईनं पुढचा प्रश्न आहे का म्हणून विचारलं. "आता फुडल्या पुनवंला," काकी म्हणाल्या. "समदं आजच इचारलं तर फुडं काय इचारू?"

उन्हं उतरताना आम्ही परत निघालो. पुढं ती दोघं, मागं स्कूटरवर मी. नाना रस्ता सांगत होते, काकी चुका काढत होत्या. तोडलेल्या चिंचेचं खोड मला लांबूनच दिसलं. त्याच्यावर कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या.

"उजवं वळान," नाना म्हणाले, "चिंच, डोकं खाली."

नाना वाकले. काकी वाकल्या, चांगल्या खाली वाकल्या. आणि मागं माझीही मान आपोआप खाली गेली.